लशीनंतर धरलेला खांदा: अमेरिकेतील भरपाईचा दावा तडजोडीपर्यंत कसा न्यावा

फ्लूची लस घेतल्यावर दंड दोन दिवस दुखणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण लस घेतल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खांद्यात खोल दुखू लागले, ते ओसरण्याऐवजी वाढत गेले आणि महिन्याभराने शर्टाची बाही चढवताना हात मागे जाईना, तर प्रकरण वेगळे असू शकते. सुई दंडाच्या स्नायूत जाण्याऐवजी फार वर, खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीत किंवा स्नायुबंधांजवळ टोचली गेल्यास तेथे दाह सुरू होऊ शकतो. अमेरिकेच्या भरपाई योजनेत या इजेला ‘सिर्वा’ असे नाव आहे.

या दाव्यांत लोक चुकतात ते मुख्यतः क्रमात. पहिला प्रश्न ‘किती मिळतील’ हा असतो, आणि लस नेमक्या कोणत्या हातात दिली याची नोंद तपासण्याची आठवण शेवटी होते. तडजोडीची रक्कम वाटाघाटीत ठरते असे वाटत असले, तरी तिचा मोठा भाग लशीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने काय लिहून ठेवले यावर आधीच ठरून गेलेला असतो. म्हणून खालील टप्पे याच क्रमाने घ्यावेत.

## टप्पा १: दावा या योजनेत बसतो का, हे आधी पाहा

हे दावे नॅशनल व्हॅक्सीन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम या संघीय योजनेखाली चालतात. दावा फार्मसी, परिचारिका किंवा लस बनवणारी कंपनी यांच्यावर नसतो. प्रतिवादी असतात अमेरिकेचे आरोग्य सचिव, त्यांची बाजू न्याय विभागाचे वकील मांडतात, आणि प्रकरण वॉशिंग्टन येथील यूएस कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समधील ‘स्पेशल मास्टर’ म्हणजे विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे चालते. कोणाची चूक होती हे येथे सिद्ध करावे लागत नाही.

सर्वप्रथम लस कोणती, ते पाहावे. हंगामी फ्लू, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला), हेपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही या लशी योजनेत आहेत. नागिणीची म्हणजे शिंगल्सची लस त्यांत नाही. ज्येष्ठांना दिली जाणारी न्यूमोव्हॅक्स २३ ही लसही नाही. कोविडच्या लशीसाठी ‘सीआयसीपी’ नावाची निराळी योजना आहे. तिची मुदत लस घेतल्यापासून अवघी एक वर्ष आहे, आणि तिच्यात वेदनांसाठी भरपाई मिळत नाही, वकिलाची फीही मिळत नाही.

दुसरे, लस कोठे घेतली. दावा करणाऱ्याला अमेरिकेचे नागरिक असण्याची गरज नसते. एच-१बी व्हिसावरील नोकरदार किंवा नातवंडांना भेटायला आलेले आईवडील यांनी अमेरिकेत लस घेतली असेल, तर त्यांनाही दावा करता येतो. पुण्यात किंवा पणजीत घेतलेल्या लशीसाठी मात्र, काही मोजके अपवाद सोडल्यास, ही वाट बंद आहे.

तिसरे, तीन कालावधी, जे लोक हमखास एकमेकांत मिसळतात.

- दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेले असावे.
- त्रास लस घेतल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा. इजेमुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागली असल्यास ही अट लागत नाही.
- दावा पहिल्या लक्षणापासून ३६ महिन्यांच्या आत दाखल झालेला असावा.

शेवटची मुदत पहिल्या लक्षणापासून मोजली जाते. हे लशीमुळे झाले असावे हे आपल्याला केव्हा कळले, त्याचा तिच्याशी संबंध नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांनी ‘लशीचा संबंध असू शकतो’ असे सांगितले, म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही.

सावधान: ‘व्हेअर्स’ या सरकारी नोंदणीत दुष्परिणाम कळवला म्हणजे दावा दाखल झाला, असा समज फार पसरलेला आहे. ती केवळ देखरेखीसाठीची नोंद आहे. तेथे अर्ज भरून निश्चिंत बसलेल्या माणसाची ३६ महिन्यांची मुदत निघून जाते, आणि मग कोणताही वकील काही करू शकत नाही.

## टप्पा २: कागद गोळा करा, आणि गोळा करताना वाचा

सर्वांत आधी लस दिल्याची नोंद मागवावी. तिच्यात तारीख, लशीचे नाव, लॉट क्रमांक आणि कोणत्या दंडात लस दिली हे असते. येथेच पहिला खड्डा आहे. काही फार्मसींच्या संगणकावर ‘डावा दंड’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि लस उजव्या हातात दिली तरी तो बदलायचा राहून जातो. नोंद चुकीची निघाली तर घाबरू नये. पुढच्या वैद्यकीय नोंदींत पहिल्या भेटीपासून सातत्याने उजवा खांदाच आला असेल, तर स्पेशल मास्टर त्या नोंदींना वजन देऊ शकतात. पण ही विसंगती आपल्या वकिलाला आपणच आधी सांगावी. सरकारी वकिलाच्या उत्तरातून ती त्याला कळणे महागात पडते.

त्याच भेटीत त्याच दंडात दुसरीही लस घेतली होती का, हेही पाहावे. फ्लू आणि कोविड या दोन्ही लशी एकाच हातात घेतलेल्या असतील, तर खांदा कोणत्या सुईने दुखावला हा प्रश्न उभा राहतो, कारण एक लस या योजनेत आहे आणि दुसरी नाही. लशी दोन हातांत विभागून घेतल्या असतील, तर नोंदीतील कोणती लस कोणत्या हातात हा तपशील सोन्यासारखा जपावा.

त्यानंतर लशीआधीच्या तीन वर्षांच्या आणि लशीनंतरच्या सर्व वैद्यकीय नोंदी मागवाव्यात. फॅमिली डॉक्टर, अर्जंट केअर, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, एमआरआय, सगळे. ‘खांद्याशी संबंधित तेवढेच देतो’ ही काटकसर उपयोगाची नाही, कारण आधीची खांदेदुखी होती की नाही हे जुन्या नोंदींवरूनच ठरते. हिपा या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याने आपल्याला आपल्या नोंदींच्या प्रती मागण्याचा हक्क आहे, आणि साधारणपणे ३० दिवसांत त्या मिळायला हव्यात. प्रत्येक मागणीची तारीख वहीत टिपून ठेवावी.

आलेले कागद नुसते फाइलला लावू नयेत. पुढील चार गोष्टी शोधत ते वाचावेत, कारण योजनेच्या इजांच्या सरकारी यादीतील सिर्वाच्या अटी याच आहेत:

१. या खांद्याला पूर्वी असे काही दुखणे होते का, ज्यामुळे आताची लक्षणे समजावता येतील?

२. दुखणे ४८ तासांत सुरू झाले असे कोठे लिहिले आहे?

३. दुखणे आणि हालचालीतील घट लस दिलेल्या खांद्यापुरतीच आहे का? मानेत, कोपराखाली किंवा बोटांत मुंग्या अशा नोंदी असतील, तर त्या वेगळ्या टिपून ठेवाव्यात.

४. मानेतील नस दबणे यासारखे दुसरे कारण डॉक्टरांनी नोंदवले आहे का?

मधुमेह असलेल्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. खांदा आखडणे मधुमेहातही होते, आणि तो मुद्दा पुढे येऊ शकतो हे गृहीत धरूनच दुखणे केव्हा व कसे सुरू झाले याचा पुरावा भक्कम ठेवावा.

तपासा: नोंदीत खरोखरच चूक असेल, उदाहरणार्थ ‘जिममध्ये वजन उचलताना दुखावले’ असे दुसऱ्याच रुग्णाचे वाक्य आले असेल, तर त्या दवाखान्याकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करावा. आपल्या प्रतीवर स्वतः काहीही खोडू नये, लिहू नये.

## टप्पा ३: डॉक्टरांपुढे नेमके बोला

उपचार सुरू असतानाच हा टप्पा सांभाळायचा असतो, पण लोकांना तो कळतो दावा अडल्यावर. आपल्याकडची एक सवय येथे नडते. एडिसनमध्ये मुलाकडे आलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांची कल्पना करा. डॉक्टर विचारतात, दुखणे कसे आहे. ते म्हणतात, ‘फार काही नाही, चालतंय.’ मुलगा त्याचे इंग्रजीत ‘मॅनेजेबल’ करतो, आणि नोंदीत ‘सौम्य वेदना’ असे दोन शब्द उतरतात. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, डोक्यावरून सदरा काढायला सूनबाईंची मदत लागते, वरच्या फळीवरचा डबा दोन महिने कोणीतरी काढून देत आहे, यांतले काहीच कागदावर येत नाही. वर्षभराने त्या दोन शब्दांना कित्येक हजार डॉलरची किंमत असते.

म्हणून प्रत्येक भेटीत चार गोष्टी सांगाव्यात: दुखणे कोणत्या दिवशी आणि लशीनंतर किती तासांनी सुरू झाले, शून्य ते दहा या पट्टीवर आज किती आहे आणि वाईट दिवशी किती असते, कोणती कामे करता येत नाहीत, झोपेवर काय परिणाम आहे. वाढवून मुळीच सांगू नये. एका नोंदीत दहापैकी दहा आणि त्याच आठवड्यात घराबाहेर बर्फ उपसल्याचा उल्लेख, हे दोन कागद शेजारी ठेवले की बाकीचे खरे बोलणेही संशयात येते.

सुरुवातीच्या तारखेबद्दल ‘महिन्याभरापासून’, ‘काही आठवड्यांपासून’ असे मोघम बोलणे टाळावे. लस ५ ऑक्टोबरला घेतली आणि डॉक्टरांकडे ११ डिसेंबरला गेलो, तर ‘५ ऑक्टोबरला लस घेतली, त्याच रात्रीपासून दुखत आहे’ असे पूर्ण वाक्य बोलावे. डॉक्टरांकडे उशिरा जाणे हा स्वतःहून दावा बुडवणारा दोष नाही. बरेच लोक आपोआप बरे होईल म्हणून वाट पाहतात आणि स्पेशल मास्टरांना ते माहीत असते. मात्र उशीर झाला असेल, तर मधल्या काळाचा दुसरा पुरावा लागतो.

तो पुरावा पुष्कळदा आपल्या फोनमध्येच असतो. लशीच्या तिसऱ्या दिवशी नाशिकच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले ‘काल रात्रभर हात दुखला गं, पोळ्या लाटवत नाहीत’ हे वाक्य, त्यावरील तारखेसह, सहा महिन्यांनी लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा जड भरू शकते. असे संदेश पुसू नयेत. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

## टप्पा ४: सहा महिन्यांची अट आणि भारतवारी

येथे बरेच दावे अडखळतात, आणि आपल्या लोकांचे जरा जास्तच. ऑक्टोबरमध्ये लस, डिसेंबर-जानेवारीत फिजिओथेरपीच्या आठ बैठका, फेब्रुवारीत भारतात जाणे, आणि परत आल्यावर थेट सप्टेंबरमध्ये डॉक्टरांची भेट: असा क्रम असेल, तर सरकारी बाजू म्हणू शकते की खांदा फेब्रुवारीतच बरा झाला होता आणि सप्टेंबरचे दुखणे नवे आहे.

भारतात घेतलेले उपचार पुरावा म्हणून चालतात. सदाशिव पेठेतील फिजिओथेरपिस्टने लेटरहेडवर दिलेली बैठकांची यादी, तपासणीची नोंद, पावत्या, सर्व आणावे. ‘येऊन गेले, व्यायाम सांगितले’ अशी एक ओळ पुरणार नाही. हात किती अंशांपर्यंत वर जातो हे प्रत्येक तारखेला लिहून मागावे. उपचार थांबले असतील, तर का थांबले याचे खरे कारण कोठेतरी नोंदलेले हवे: विम्याच्या बैठका संपल्या, घरी व्यायाम चालू ठेवा असे सांगितले, किंवा आईच्या आजारपणात वेळ मिळाला नाही.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या नोंदीकडे नीट पाहावे. ‘९० टक्के सुधारणा’ याचा अर्थ त्या दिवशी दहा टक्के त्रास उरला होता असाही होतो, आणि ती तारीख सहा महिन्यांच्या पलीकडची असेल तर तीच नोंद उपयोगी पडते.

तपासा: लशीच्या तारखेत सहा महिने मिळवा. त्या दिवसानंतरची, त्याच खांद्याचा उरलेला त्रास दाखवणारी किमान एक वैद्यकीय नोंद हाताशी आहे का? नसेल आणि खांदा अजून दुखत असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

## टप्पा ५: वकील, प्रतिज्ञापत्र आणि दाखल करणे

स्वतः दावा दाखल करता येतो, पण मी तसा सल्ला देणार नाही, कारण येथील फीची व्यवस्था निराळी आहे. दावा सद्भावनेने आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर वकिलाची वाजवी फी व खर्च योजनेतून स्वतंत्रपणे मंजूर होतो, दावा हरला तरीही. वकिलाला आपल्या भरपाईतून वाटा घेता येत नाही. अपघाताच्या खटल्यांत रक्कम मिळाल्यावर तिसरा हिस्सा वकिलाचा, ही सवय येथे लागू नाही. असा करार कोणी पुढे केला, तर सही न करता उठावे. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सच्या संकेतस्थळावर लशींचे दावे घेणाऱ्या वकिलांची यादी असते. तेथूनच सुरुवात करावी.

प्रतिज्ञापत्र आपल्याच शब्दांत असावे. त्यात लस कोठे व कोणत्या हातात घेतली, पूर्वी या खांद्याला त्रास होता की नव्हता, पहिले दुखणे कधी व काय करताना जाणवले, उपचारांतील खंड का पडले आणि सहा महिन्यांनंतर काय उरले, हे क्रमाने यावे. जोडीदाराचे किंवा सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडताना त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. तीन प्रतिज्ञापत्रांत शब्दशः तेच परिच्छेद आले, की तिन्हींचे वजन जाते.

दावा न्यायालयात पोचला ती तारीख धरली जाते. पाकीट टपालात टाकल्याची नव्हे. ३६ महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे म्हणजे उगाच विस्तवाशी खेळ. एखादी नोंद यायची राहिली असेल आणि मुदत जवळ आली असेल, तर आहे त्या कागदांवर दावा दाखल करून उरलेले नंतर जोडता येतात. इजांची यादीही सरकारला बदलता येते, म्हणून दाखल करण्याच्या दिवशी लागू असलेली यादी वकिलाकडून पडताळून घ्यावी.

## टप्पा ६: सरकारचे उत्तर आले की वाट ओळखा

खांद्याचे दावे साधारणपणे ‘स्पेशल प्रोसेसिंग युनिट’ या विभागात जातात, जेथे सुनावणीशिवाय निकाली निघू शकणारी प्रकरणे हाताळली जातात. आरोग्य विभागाचे वैद्यकीय परीक्षक कागद तपासतात, आणि मग सरकारची भूमिका कळते. या प्रतीक्षेलाच पुष्कळ महिने लागतात.

सरकारने हक्क मान्य केला, तर प्रश्न उरतो फक्त रकमेचा. ती जुळली की सरकार ‘प्रोफर’ म्हणजे मान्य रकमेचे निवेदन दाखल करते आणि त्यावर निर्णय होतो. सरकारने हक्क मान्य केला नाही, तरी तडजोडीस तयार असल्याचे कळवले, तर ती दुसरी वाट, आणि बहुतेकांचा गोंधळ होतो तो हिच्यात. येथे दोन्ही बाजू खटल्यातील धोका मोजून एका रकमेवर येतात आणि ‘स्टिप्युलेशन’ म्हणजे संयुक्त संमतिपत्र करतात. त्यात सरकार स्पष्ट लिहिते की लशीमुळे ही इजा झाल्याचे आम्हाला मान्य नाही. ते वाक्य वाचून चिडलेली माणसे असतात, आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे आहे. पण त्या वाक्यामुळे रकमेतून एक सेंटही कमी होत नाही, आणि ते काढून टाकण्याचा हट्ट धरल्यास तडजोडच फिसकटू शकते.

तडजोडीची तयारीच नसेल, तर स्पेशल मास्टर कागदांवरून किंवा सुनावणी घेऊन हक्काचा निर्णय देतात, आणि हक्क मिळाला की रकमेची बोलणी पुन्हा सुरू होऊ शकतात.

## टप्पा ७: मागणीची रक्कम बांधा

रकमेचे तीन भाग पडतात: वेदना व मनस्ताप, खिशातून गेलेला, विम्याने न भरलेला उपचारखर्च, आणि बुडालेली मिळकत. वेदनांच्या भागाला कायद्याने २,५०,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे. ही छत आहे, सुरुवातीचा आकडा नव्हे. शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्याच्या प्रकरणांत मंजूर रकमा बहुधा पाच आकडी असतात. शस्त्रक्रिया झालेल्या अनेक प्रकरणांत त्या एक लाख डॉलरच्या पुढे जातात. शेजाऱ्याला किती मिळाले, हा पुरावा होत नाही.

स्पेशल मास्टर वेदना मोजताना त्यांची जाणीव, तीव्रता आणि कालावधी पाहतात. त्यासाठी एका पानाचा तक्ता करावा. प्रत्येक ओळीत तारीख, वेदनांचा आकडा, हात बाजूने किती अंश वर गेला, आणि उपचार. १४ जानेवारी, सात, ८५ अंश, स्टिरॉइडचे इंजेक्शन. ३ मार्च, चार, १३० अंश, फिजिओथेरपीची नववी बैठक. २० जून, दोन, १६५ अंश, घरी व्यायाम. हा तक्ता समोर ठेवला की आपला दावा तीव्र पण लवकर ओसरलेला आहे, की सौम्य पण रेंगाळलेला, हे आपल्यालाच दिसते. मग वकिलासह न्यायालयाच्या प्रसिद्ध निर्णयांतून तशाच चढउताराची चार-पाच प्रकरणे निवडावीत: तेवढ्याच इंजेक्शनांची, तेवढ्याच महिन्यांची, डॉक्टरांकडे तितक्याच उशिरा गेलेल्यांची. सर्वांत मोठी रक्कम मिळालेली प्रकरणे तेवढी निवडली, तर समोरचा वकील पहिल्याच पानावर ओळखतो.

खर्चासाठी विम्याचे विवरण आणि पावती अशी जोडी लावावी. विम्याने भरलेला खर्च पुन्हा मागता येत नाही. मिळकतीसाठी डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारे वर्षभराच्या पगाराचे व कराचे विवरण), पगाराच्या पावत्या आणि गैरहजेरीच्या तारखांचे मालकाचे पत्र लागते. ‘कामात लक्ष लागत नव्हते’ एवढ्यावर काही मिळत नाही. मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने उपचारांचा खर्च केला असेल, तर तिचे येणे आधीच विचारून घ्यावे, कारण ते कळेपर्यंत रक्कम पक्की होत नाही.

सावधान: ही भाजीबाजारातील घासाघीस नव्हे. दुप्पट सांगून निम्म्यावर येण्याचा डाव येथे वेळ खातो. सरकारचा प्रतिप्रस्ताव कमी आला, तर कोणत्या नोंदीमुळे कमी आला हे विचारावे आणि त्या नोंदीला उत्तर द्यावे.

## टप्पा ८: सही, निर्णय आणि पैसे

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी लशीची तारीख, लशीचे नाव, खांद्याची बाजू, आपल्या नावाचे स्पेलिंग आणि रक्कम आकड्यांत व अक्षरांत जुळते का, हे बोट ठेवून तपासावे. या सहीने त्या लशीबाबतचे आपले सर्व दावे संपतात. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पुन्हा मागता येणार नाही. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ ‘शस्त्रक्रिया लागेल का ते तीन महिन्यांनी पाहू’ असे म्हणत असतील, तर ते तीन महिने थांबणे शहाणपणाचे.

स्पेशल मास्टरांचा निर्णय सार्वजनिक होतो. त्यातील खासगी वैद्यकीय तपशील झाकायचा असेल, तर १४ दिवसांत विनंती करावी लागते. नंतर अंतिम न्यायनिर्णयाची नोंद होते. दोन्ही बाजूंनी फेरविचार मागणार नसल्याचे लिहून दिले, तर तिच्यासाठी एरवीचे ३० दिवस थांबावे लागत नाही. त्यानंतर रक्कम स्वीकारत असल्याचा कागद दाखल करायचा असतो. त्यासाठी ९० दिवस असतात, पण तो दाखल होईपर्यंत पैसे निघत नाहीत.

आईवडील दावेदार असतील आणि दरम्यान ते भारतात परतले असतील, तर रक्कम कोणत्या नावाने व कोणत्या मार्गाने निघणार, त्यांचे अमेरिकेतील बँक खाते अजून चालू आहे का, आणि सह्या कोठे व कशा घ्यायच्या, हे वकिलाला सहीच्या आधी विचारावे. खाते बंद करून विमानात बसलेल्या माणसाच्या नावाचे पैसे काढणे हे एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसते.